ऊन मागायला गेलो त्याबद्दल

प्रिय जाऊबाई,

'प्रिय' हा शब्द माझा नाही. तो तुमच्या सुनंदाने लिहिला. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणे. मी तिला म्हटलं, आम्ही दोघी एका घरच्या सुना, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे जन्म काढला, पण एकमेकींना प्रिय म्हणायची वेळ कधी आली नाही. मग म्हटलं, असू दे. गेलेल्या माणसाला थोडं जास्त दिलं तर काय बिघडतं?

पत्र आजच का, ते सांगते. आज दुपारी मैदानाच्या सुनवाईचा कागद आला. सुनंदाने तो वाचून दाखवला आणि ती चहा ठेवायला तिच्या घरी गेली. मी उठले आणि तुम्हाला बातमी सांगायला सरळ लाटण्याने भिंत ठोकली. पलीकडून सुनंदाच धावत आली, "काय झालं काकू?" काय सांगू तिला? बातमी तर तिनेच वाचली होती. मग तिलाच बसवलं समोर आणि म्हटलं, लिही. तुझ्या सासूला कळायला हवं.

तेव्हा एक लक्षात ठेवा. तुमचीच सून लिहिते आहे, त्यामुळे तुमची तक्रार मला जरा जपून करावी लागेल. पण तक्रार आहे. मोठी आहे. ती झाल्याशिवाय पत्र संपणार नाही.

तुम्ही चौथी शिकलात आणि जन्मभर त्याचा भाव खाल्लात. सकाळी चष्मा लावून पेपर उघडायचात, आधी कोण गेलं ते, मग सोन्याचा भाव, मग काही उरलंच तर माझ्यासाठी मोठ्याने. मी पापड लाटता लाटता ऐकायची. मला अक्षर येत नाही याचं तुम्हाला मनातून बरं वाटायचं ना? खरं सांगा आता, आता कशाला लाजायचं? आणि तुम्हाला कुरडईचा चीक कधी जमला नाही, गाठी राहिल्याच, याचं मलाही फार बरं वाटायचं. फिटंफाट.

सुनंदा विचारते आहे, हे सगळं त्यांना माहीत असताना लिहायचं कशाला? अगं, माहीत असलेलंच पुन्हा सांगायला माणूस लागतं. नवं काय, कुणालाही सांगता येतं.

आठवतं, नागपूरहून आपण इथे भोपाळला आलो तेव्हा हे दोघे भाऊ लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलेले. अशोका गार्डनच्या पलीकडे रेल्वेच्या रुळाकडे काही नव्हतं, कारखाना, आपले क्वार्टर आणि मधलं ते मैदान. ओतलेला माल रचून ठेवायला कारखान्याने त्यावर सिमेंटचा कोबा घातलेला. तुम्ही पहिल्यांदा तो पाहिलात आणि म्हणालात, "एवढा मोठा ओटा कुणाच्या घरी असतो का गं?" तुमच्या डोळ्यांना तो ओटाच दिसला. माझ्या डोळ्यांना तिथे कुरडया दिसल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन, आडवं काही नाही, धूळ नाही, माती नाही.

मग कारखाना बंद पडला. पुरुष माणसं फाटकाशी घोषणा देऊन देऊन घसा बसेपर्यंत ओरडली आणि नंतर घरात येऊन गप्प बसली. तेव्हा घर कशावर चाललं? तुमचं माझ्यासारखंच पापड-कुरडयांवर चाललं. आपल्या रांगेतल्या सगळ्याच बायकांचं. कोर्टात भांडून क्वार्टर आपल्या नावावर झाले, मैदान मात्र कारखान्याच्याच नावावर राहिलं. आपण ते कधी मागितलं नाही. आपलंच होतं ते, मागायचं काय? ही आपली पहिली चूक असेल, पण ती सगळ्यांची, त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही.

आता तुमच्यावर येते.

ती जाहीर सूचना तुम्हालाच दिसली होती पेपरात, मागच्या दिवाळीनंतर. मुंगीएवढी अक्षरं, पण तुमच्या नजरेतून सुटायची नाहीत. कारखाना एका बिल्डरने घेतला, तिथे दुकानं आणि उंच इमारती होणार, आधी मोजणीची माणसं येऊन जागा पाहून जाणार. तुम्ही वाचून चष्मा काढलात. मला वाटलं, आता म्हणाल, चला, सगळ्या बायका गोळा करू, विचारू आमचं काय. तुम्ही म्हणालात, "साहेब लोक येणार. मैदानाची दशा बघ काय आहे."

आणि आम्ही सगळ्या तुमच्या मागे. का नाही होणार? आपल्या सासूबाईंनी घातलेली शिस्तच तशी. परक्या माणसासमोर वाळवण उघडं ठेवायचं नाही, नजर लागते, कुरडई लाल पडते. शेवयांची पाळी असो, वड्यांची असो, पाहुणा आला की आधी वाळवणावर लुगडं टाकायचं आणि मग त्याला पाणी द्यायचं. तुम्ही तर सासूबाईंच्याही पुढच्या. मोजणीवाले येणार त्या दिवशी एक बाज मैदानात राहू दिली नाहीत. प्लास्टिकचे कागद गुंडाळून घरात. कपड्यांच्या दोऱ्या सोडून घरात. खुंट्यासुद्धा उपटल्यात. नळीने सगळा कोबा धुऊन घेतलात, गुडघे दुखत असताना स्वतः खराटा धरलात. आणि वर काय, तर फाटकाच्या तोंडाशी रांगोळी काढलीत.

ती दोन पोरं आली, तीन पायांचं यंत्र लावून बघत बसली. एकाने फोनने फोटो काढले. तुम्ही त्यांना चांगल्या कपांतून चहा दिलात. तो फोटोवाला म्हणाला, "आंटी, कितना साफ है यहाँ." हे वाक्य पुढे महिनाभर मी ऐकलं. तुमच्याकडून, भिंतीतून, रोज.

नंतर थंडीत तुम्ही गेलात. झोपेतच. सकाळी पेपर दारात तसाच पडलेला पाहिला आणि मला कळलं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. सुनंदाचे डोळे पाणावतात आणि मग अक्षर बिघडतं, असं तीच म्हणते.

संक्रांत झाल्यावर सरकारी दफ्तरात नक्शा लागला. कुणाला हरकत असेल त्याने लेखी द्यावी म्हणून. मी आणि सुनंदा रिक्षाने गेलो. भिंतीवर एवढा मोठा कागद, रंगीत. सुनंदा बोट ठेवून एकेक जागा वाचत होती. इथे दुकानं, इथे इमारत, इथे आपले क्वार्टर. मी म्हटलं, मैदान कुठे आहे? ती थांबली. मैदानाच्या जागी गाड्या ठेवायची इमारत काढली होती. आणि बाजूच्या कोष्टकात मैदानाबद्दल लिहिलं होतं, रिक्त एवं अनुपयोगी भूमि.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मला अक्षर येत नसेल, पण रिक्त कळतं आणि अनुपयोगीही कळतं.

त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी काय बोलले असते, ते तुमच्या सुनेला लिहायला सांगणार नाही. इतकं लखलखीत झाडलंत जाऊबाई, की आपण सगळ्याच त्यातून झाडल्या गेलो. फोटोत काय दिसलं त्यांना? एक धुतलेला कोबा आणि एक रांगोळी. त्यांनी लिहिलं रिकामं. खोटं कुठे लिहिलं? बारा महिने जिथे पाय ठेवायला जागा नसते, ते मैदान आपणच त्यांना रिकामं करून दाखवलं. वर चहा पाजला.

अर्ज सुनंदाने लिहिला. बायकांनी सह्या केल्या. पुरुषांनी मात्र खूप शहाणपण शिकवलं. जमीन कारखान्याची, आता बिल्डरची, आपला हक्क काय, मिळेल ते घ्या. आमचा प्रकाश अयोध्या नगरहून गाडी घेऊन आला. म्हणाला, "आई, या वयात कुठे दफ्तरं फिरतेस? चल माझ्याकडे. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे." मी म्हटलं, लिफ्टमध्ये पापड वाळतात का? तो माझ्यावर चिडला, मग चहा प्यायला, मग मलाच दफ्तरात सोडून आला. तुम्ही त्याला लहानपणी फार लाडावलंत, पण पोरगा वाईट नाही.

सुनवाईला गार हवेची खोली होती. मधे साहेब, आपल्या प्रकाशच्या वयाचा, डोळ्यांखाली काळं, रात्री झोप न झाल्यासारखा. एका बाजूला बिल्डरचा माणूस, गोड बोलणारा. दुसऱ्या बाजूला आम्ही. आणि काय झालं माहीत आहे? भांडण झालंच नाही. मी पदर खोचून गेले होते आणि तो माणूस हात जोडून म्हणाला, माताजींची हरकत आम्हाला मान्य आहे. गाड्यांची इमारत आम्ही दुसरीकडे नेतो. मैदानात बगिचा करू, सगळ्यांसाठी. आणि त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. हिरवळ, कारंजं, गर्द झाडं, झाडांखाली बाकडी. एका बाकावर पांढऱ्या केसांची म्हातारी बसवली होती, छान हसत. बहुतेक ती मीच.

आपल्या बायका खूश झाल्या. प्रकाश मागून माझा खांदा दाबून म्हणाला, जिंकलीस. साहेबांनीसुद्धा हुश्श केलं, एक फाईल मिटली असं त्यांना वाटलं असेल. आणि मी त्या चित्राकडे बघत होते. एवढी झाडं. जाऊबाई, मला त्या चित्रात कुरडई घालायला हाताएवढी जागा दिसेना.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहब, हमको छाया नहीं चाहिए."

साहेब म्हणाले, "मतलब, अम्मा?"

"धूप चाहिए."

खोलीत हसू पसरलं. भोपाळच्या उन्हाळ्यात धूप मागायला आलेली बाई त्यांनी पाहिली नसेल. मी त्यांना हसू दिलं. हसून झाल्यावर सांगितलं. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा, आणि शिजला की तो कुणासाठी थांबत नाही. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा आणि लगेच कडक ऊन मिळालं पाहिजे. सावली आली की आंबला, फेकून द्या. आमच्या घरांवर पत्रे आहेत, गच्च्या नाहीत. कारखाना बंद झाल्यापासून या रांगेतल्या चुली त्या कोब्यावर चालल्या आहेत. तुम्ही झाडं लावाल, मुलं खेळतील, छान होईल. आमचं काम मात्र बंद होईल.

आता हसत कुणी नव्हतं. साहेबांनी कागद चाळले, फोटो पाहिले आणि अगदी शांतपणे विचारलं की मग मोजणीच्या वेळी तिथे काहीच कसं नव्हतं?

काय सांगणार होते मी? माझ्या जाऊबाईंना साहेबांसमोर लाज वाटली म्हणून? मी तुमचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, पाहुणे येणार होते, म्हणून आवरलं होतं. बिल्डरचा माणूस खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, मी स्वतः बघायला येतो, बुधवारी.

आता पुढचं ऐका आणि पोटभर हसून घ्या, कारण तुमच्या चुकीवर मी काय कळस चढवला तो आता येतो.

बुधवारच्या आदल्या दिवशी मी सगळ्या घरांत सांगून आले, जे आहे ते बाहेर काढा. कोब्याची वीतभर जागा दिसता कामा नये. आणि बायकांनी ऐकलं. पापड, कुरडया, वड्या, मिरच्या तर आल्याच. गाद्या आल्या, गोधड्या आल्या. रिकाम्या बरण्या उपड्या घालून ओळीने मांडल्या. कुणी सतरंजीवर नातवंडांची दप्तरं वाळत घातली. कोपऱ्यातल्या घरच्या सरलाने तर तिच्या मुलांकडून लोखंडी कपाट बाहेर आणवलं. मी बघितलं, पण मला वाटलं, असू दे, भरलेलं दिसतंय.

साहेब आले, सगळीकडे फिरले. कपाटापाशी थांबले. म्हणाले, "अम्मा, अलमारी भी सुखाते हैं?"

जाऊबाई, या वयात मी शरमेने खाली बघितलं. बिल्डरचा माणूस मागे फोटो काढत होता. तेव्हा माझ्या मनात आलं, आता एक शब्द जरी वाकडा बोलले तर सगळं गेलं. मग सरळच बोलले. म्हटलं, साहेब, मागच्या वेळी होतं ते आम्ही लपवलं. या वेळी नव्हतं ते आणून ठेवलं. दोन्ही वेळा कारण एकच, तुम्ही येणार हे आम्हाला माहीत होतं. "आप फिर आइए. पर बताकर मत आइए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते गाडीत बसून गेले.

मग सुरू झालं वाट बघणं. मी सगळ्यांना बजावलं, रोजच्यासारखं वागायचं. कुणी काही आणायचं नाही, कुणी काही उचलायचं नाही. आणि मी स्वतः काय केलं? रोज फाटकाशी बाज टाकून बसले. येईल त्या माणसावर संशय. गॅसची टाकी देणाऱ्याला सरबत दिलं. वीज मीटर बघायला आलेल्याला मैदानाचा सगळा इतिहास सांगितला, तो बिचारा मीटर न बघताच परत गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, धाकटीला नाटक करायला सांगा की नाटक करू नको सांगा, दोन्ही जमत नाही.

आणि ज्या दिवशी कुणी आलं, त्या दिवशी मी नव्हते. उडीद संपले होते, प्रकाशच्या गाडीतून मी करोंदच्या मंडीत गेले होते. इतके दिवस राखण केली आणि नेमक्या वेळी मी एका पोत्यावर बसून भाव करत होते.

पुढचं मला सुनंदाने सांगितलं. तिला आता स्वतःबद्दल लिहावं लागतंय, म्हणून तिचा चेहरा बघण्यासारखा झाला आहे. लिही गं.

ती एकटीच होती, चीक पातेल्यात, सोऱ्या हातात. साहेब आलेच नव्हते. त्यांनी दुसऱ्याच कुणाला पाठवलं होतं, आम्ही कुणी कधी न पाहिलेल्या माणसाला. साधा शर्ट, स्कूटर, हातात फाईल नाही. तो येऊन प्लास्टिकच्या कागदाच्या कडेवर उभा राहिला. तुमची ही सून, जी तुमच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नाही, ती मान वर न करता म्हणाली, "भैया, चप्पल उतारिए पहले." त्याने उतरवली. तेवढ्यात गाय आत शिरली. हिचे दोन्ही हात चिकाने भरलेले, सोऱ्या सोडता येईना. म्हणाली, "वो लकड़ी उठाइए, ज़रा गाय को देखिए."

आणि त्याने पाहिलं हो. गाय हाकलली आणि काठी मांडीवर घेऊन बाजेवर बसला. पातेलं रिकामं होईपर्यंत राखण करत बसला. बसल्या बसल्या विचारत होता, पावसाळ्यात काय करता, थंडीत ऊन कुठून येतं, दुपारी कुठपर्यंत टिकतं. ही हाताने दिशा दाखवत उत्तरं देत होती, वर न बघता. शेवटी त्याने विचारलं, हे बंद झालं तर कुठे जाल? तिने काय सांगावं? मी असते तर देव आठवले असते, रडले असते, हात जोडले असते. ही म्हणाली, "जाएँगे कहाँ? काम बंद होगा." आणि पातेल्याला लागलेला चीक खरवडून, वर तेल-जिरं घालून, वाटी त्याच्या हातात दिली. तो खाऊन झाल्यावर म्हणाला, मी सुनवाईच्या दफ्तरातून आलो आहे. तेव्हा कुठे हिने त्याच्याकडे पाहिलं.

आज जो कागद आला त्यात लिहिलं आहे, मैदान वापरात आहे. रोजच्या वापरात. तिथे काही बांधायचं नाही, गाड्या ठेवायच्या नाहीत, झाडं लावायची नाहीत, कोबा फोडायचा नाही. 'उपयोग' हा शब्द सुनंदाने वाचला तेव्हा मी तिला थांबवलं. तुम्ही वाचत असतात तर त्या शब्दावर स्वतःहून थांबला असतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं असतं. ते एक राहिलं. ते कुणी भरून देणार नाही.

आणि माझी तक्रार? तीही आज जरा सैल झाली. पत्राला बसण्याआधी, चहा होईपर्यंत, मी जाऊन कोब्यावर बसले. विचार केला, माझ्या या जाऊने दुखऱ्या गुडघ्यांनी हे सगळं धुतलं ते कशासाठी? दुसऱ्याच्या जमिनीसाठी कुणी इतकं करतं का? तुम्ही ते आपल्या घरासारखं धुतलंत, कारण तुमच्या मनात ते कधी परकं नव्हतंच. मोजणीवाल्या पोराला हे फोटोत दिसलं नाही, त्यात त्याचा काय दोष? आणि तुमचा तरी काय? तक्रार मागे घेत नाही मी, फार दिवस जपली आहे. पण आता जोर करून म्हणणार नाही.

लगेच पेढे वाटू नका मात्र. काम अजून संपलेलं नाही. मैदानाच्या दक्षिणेला बिल्डरला उंच इमारत बांधायची आहे, तिचा विषय साहेबांनी आधीच वेगळा काढला होता, तो अजून ठरलेला नाही. ती झाली तर मैदान आपलं राहील आणि ऊन तिचं होईल. थंडीत सकाळी सूर्य तिच्याच मागून येणार. तिची सावली कुठे कुठे पडेल त्याचा नक्शा बिल्डरने द्यायचा आहे आणि पावसाळा संपला की पुन्हा सुनवाई आहे. बिल्डरचा माणूस परवा येऊन गेला, चार मजले कमी करतो म्हणाला. पुरुष मंडळी म्हणतात, पुष्कळ झालं, आता ताणू नका. प्रकाश पुन्हा लिफ्टचं सांगून गेला. मी त्याला म्हटलं, सुनवाई होईपर्यंत मी ही भिंत सोडून कुठेही येत नाही, आणि झाल्यावर विचारू नकोस.

चार मजले कमी करून सावली किती कमी होते, हे आम्ही बघणार. सरलाच्या मुलाने सांगितलं की बांबू उभा करून सावली मोजता येते. बांबू आणला आहे. आता रोज त्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करतो. या वेळी कुणीही येवो, खुणा पुसायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत, रांगोळी तर नाहीच नाही. ऐकताय ना?

आता वचन देते, आणि ते मला किती जड आहे हे फक्त तुम्हालाच कळेल. पुढच्या सुनवाईला मी बोलणार नाही. सुनंदा बोलेल. मी तिच्या शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही, साहेबांनी मला विचारलं तरी तिच्याकडे बोट दाखवीन. हे लिहायला ती तयार नव्हती. म्हणे, काकू, मला नाही जमणार, सगळ्यांसमोर बोलणं. मी म्हटलं, त्या दिवशी न सांगता आलेल्या माणसाला जे सांगितलंस तेच सांगायचं, एक शब्द जास्त नको. फक्त या वेळी साहेबांना चप्पल काढायला लावू नकोस.

ती हसली, म्हणजे ती येणार. तेव्हा तुमच्या सुनेची काळजी करू नका आणि उन्हाचीही करू नका. पावसाळा संपू द्या. तोवर आम्ही रोजचं काम करतो आहोत, पुढच्या पाळीचा गहू भिजत घातला आहे.

तुमची,
धाकटी
(अक्षर सुनंदाचं, बोलणं सगळं माझं)